कोकणातल्या छपरांची परवानगी सोपी करा, बांधणी पक्की करा

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग,
आणि किनारपट्टीच्या तालुक्यांतील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य

सप्रेम नमस्कार.

हे पत्र छपराविषयी आहे. नवे घर बांधणे किंवा मजला चढवणे हा त्याचा विषय नाही. ज्या घरात माणसे दोन-तीन पिढ्या राहत आली, ज्याची घरपट्टी वर्षानुवर्षे भरली जाते, त्याच घरावरचे कुजलेले वासे काढून नवे घालायचे, कौले उतरवून पत्रा चढवायचा, किंवा वादळाने उघडे पडलेले घर पाऊस लागायच्या आत झाकायचे, एवढ्यापुरतेच मी लिहिते आहे. या कामाला हात घालणाऱ्या कोकणातल्या घरमालकापुढे दोन प्रश्न असतात. परवानगी लागते का? आणि छप्पर वाऱ्यात टिकावे म्हणून ते भिंतीला कसे बांधायचे? पहिल्या प्रश्नाला त्याला दहा तोंडांची दहा उत्तरे मिळतात. दुसरा प्रश्न त्याला कोणी विचारतही नाही. माझी मागणी अशी की पहिल्या बाबतीत सरकारने हात सैल सोडावा आणि दुसऱ्या बाबतीत तो घट्ट करावा. आज नेमके उलटे चालले आहे.

कोकणात छपराच्या कामाला मुदत असते. शिमगा झाला की लोक वर चढतात आणि मे संपेपर्यंत खाली उतरतात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि मग सप्टेंबर उलटेपर्यंत आढ्याला हात लावता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा पावसाळा उंबऱ्यावर होता. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत गावेच्या गावे उघडी पडली. त्यात टाळेबंदी. दुकाने बंद, कारागीर आपापल्या गावी अडकलेले, पत्र्यांचे भाव चढलेले आणि चढ्या भावातही पत्रे मिळेनात. माणसांनी ताडपत्री टाकून, फ्लेक्सचे जुने फलक अंथरून तो पावसाळा काढला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीची पाळी आली. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन वादळे. अशा वेळी 'अर्ज द्या, महिन्याभरात कळवू' हे उत्तर म्हणजे नकारच असतो, कारण महिन्याभराने घरात गुडघाभर ओल असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावाच्या हद्दीत इमारत बांधायला किंवा पुन्हा बांधायला पंचायतीची पूर्वपरवानगी लागते. छप्पर बदलणे म्हणजे इमारत पुन्हा बांधणे का? कोणी हो म्हणतो, कोणी नाही म्हणतो. दुसरीकडे १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये स्पष्ट सवलत आहे: इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार असा असेल की तिच्या बाह्य स्वरूपात फारसा फरक पडत नाही, तर परवानगी लागत नाही. कौलाच्या जागी कौल घातले तर प्रश्नच नाही. पण कौलाच्या जागी निळा पत्रा आला तर बाह्य स्वरूप बदलले का? हा प्रश्न ज्याच्या टेबलावर जातो त्याच्या मर्जीवर उत्तर अवलंबून. एका गावात तोंडी 'करा काम' म्हणतात, शेजारच्या गावात सातबारा, नमुना ८ चा म्हणजे पंचायतीच्या घर-आकारणी नोंदीचा उतारा, नकाशा, अभियंत्याचा दाखला आणि घरपट्टीची पावती मागतात. दोघांचेही हेतू चांगले असू शकतात. पण घरमालकाला नियम कळत नाही, त्याला फक्त माणूस कळतो, आणि माणूस बदलला की नियम बदलतो.

कोकणाची अडचण आणखी खोल आहे, आणि ती मुंबईत बसून मसुदे लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. घाटावरचे गाव गावठाणात एकवटलेले असते. आमचे गाव वाड्यांत विखुरलेले. वरची वाडी डोंगराच्या कुशीत, खालची वाडी खाडीकाठी, मध्ये दीड-दोन मैल आंबा-काजूची कलमे. कितीतरी घरे गावठाणाबाहेर, शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर उभी आहेत. काही जुनी कुळांची घरे तर दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर आहेत. आणि घर बहुधा सामाईक. नमुना ८ वर आजोबांचे नाव, आजोबा वारून पंचवीस-तीस वर्षे झालेली, वारसांपैकी चौघे मुंबईत, एक बडोद्यात, एकाशी बोलणे बंद. गावातल्या घरात राहते ती म्हातारी काकू, आणि गळते ते तिच्या डोक्यावर. तिने छप्पर बदलायचे म्हटले की सर्व हिस्सेदारांचे संमतीपत्र मागितले जाते. मी अशा कागदांसाठी लोकांना मदत करते, म्हणून सांगते: संमती अडते ती छपरामुळे नाही. छपरावर सही केली तर उद्या वाटणीत आपला हक्क कमी धरला जाईल ही भीती असते. त्या भीतीला सरकार एका वाक्यात उत्तर देऊ शकते. 'आहे त्या छपराची दुरुस्ती किंवा बदल केल्याने कोणाच्याही मालकीहक्कात वाढ वा घट होणार नाही, आणि प्रत्यक्ष राहणारा कोणताही एक सहहिस्सेदार हे काम करू शकेल.' एवढे वाक्य शासन निर्णयात आले तर शेकडो वाड्यांतली भांडणे सुरू होण्याआधीच थांबतील.

स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत, मिळकत पत्रिका मिळत आहेत. चांगले काम आहे. पण ते गावठाणाचे काम आहे. वाडीतल्या घराला त्याचा आधार मिळेपर्यंत त्या घराचे वासे थांबणार नाहीत.

समुद्राला लागून असलेल्या घरांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, २०११ च्या आणि २०१९ च्याही, ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत नवे बांधकाम बंद आहे. पण जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा फेरबांधणी, जोत्याचे क्षेत्र आणि चटईक्षेत्र न वाढवता, करता येते. म्हणजे छप्पर बदलायला आडकाठी नाही. अडतो तो 'अधिकृत' हा शब्द. कोळीवाड्यातले, भंडारवाड्यातले घर आजोबांच्या आधीपासून तिथे आहे, तेव्हा परवानगी नावाची गोष्टच नव्हती. त्या घराने अधिकृततेचा कागद आणायचा कुठून? घरपट्टीच्या जुन्या आकारणी नोंदी पंचायतीच्या कपाटात आहेत. १९९१ च्या पहिल्या किनारा अधिसूचनेपूर्वी ज्या घराची आकारणी झालेली आहे ते घर छपराच्या दुरुस्तीपुरते अधिकृत समजावे आणि तशी यादी प्रत्येक किनाऱ्यावरच्या पंचायतीने स्वतः तयार करावी. हा भार म्हाताऱ्या मच्छीमाराने उचलायचा नाही.

आपल्या विभागाने सुलभता आणलीच नाही असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि २०२१ च्या सुरुवातीला आपण जाहीर केले की ग्रामीण भागात सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधताना मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि परवानाधारक तज्ज्ञाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीला दिले की पुरे. ३२०० चौरस फुटांपर्यंत विकास शुल्क भरून पंचायतीकडूनच दाखला. नगररचना कार्यालयाची पायरी चढायची गरज नाही. त्याबद्दल आभार. पण यात जमेला धरले आहे ते नवे घर. आणि त्यातही मालकीच्या कागदांचे कोडे तसेच राहिले. ज्याला फक्त छप्पर बदलायचे आहे त्याच्यासाठी वेगळा दरवाजा नाही. नवे घर बांधणारा निदान कोणाकडे जायचे ते जाणतो.

म्हणून परवानगीपुरती मागणी अशी. जोते तेच, भिंती त्याच, आढ्याची उंची फारशी वाढत नाही, आणि पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत पडत नाहीत, एवढे पाळून होणाऱ्या छपराच्या कोणत्याही कामाला, कौलाचा पत्रा होत असला तरी, परवानगी लागणार नाही असे लेखी जाहीर करा. घरमालकाने पंचायतीला नुसती सूचना द्यावी: एक अर्ज, कामाआधीचा एक फोटो, कामानंतरचा एक. पोच त्याच दिवशी मिळावी. वादळानंतरच्या काळात तर सूचनाही काम झाल्यावर दिली तरी चालावी. याने अतिक्रमणे वाढतील असे कोणी म्हणेल. वाढणार नाहीत, कारण जो जोते वाढवतो तो या सवलतीत बसतच नाही, आणि फोटो दोन्ही वेळचे पंचायतीपाशी असतात. आज तर काहीच नसते.

आता दुसरा भाग. मला खरी काळजी याची आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत कोकणाचे छप्पर बदलले. मंगलोरी कौलांच्या जागी पत्रा आला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर शतकभर पश्चिम किनाऱ्यावर तेच लाल कौल चढत राहिले. नळ्यांच्या आणि गवताच्या छपरांची जागाही त्याने घेतली. ते आता उतरते आहे आणि त्याची कारणे खरी आहेत. माकडे. कोकणाबाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण वानरांची टोळी एका सकाळी दोन पाख्यांवरून उड्या मारत गेली की शाकारणीचे पैसे पाण्यात जातात. शाकारणी करणारे हात उरले नाहीत, तरुण मुंबई-पुण्याला गेले. सागवान, फणसाचे वासे परवडत नाहीत. लोखंडी चौकोनी पाईप आणि रंगीत पत्रा हा पर्याय एका आठवड्यात उभा राहतो. लोकांनी तो निवडला यात त्यांची चूक नाही, आणि कोणी सौंदर्याच्या नावाने त्यांना दोष देऊ नये.

पण कौल आणि पत्रा वाऱ्यापुढे सारखे वागत नाहीत, आणि हे आम्हाला कोणी सांगितले नाही. वारा छपराला वरून दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो पाख्यावरून वेगाने जाताना छपराला वर ओढतो. भारतीय मानकातले सूत्र सोपे आहे: वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे, म्हणजे चौरस मीटरवर न्यूटनमध्ये दाब मिळतो. निसर्गचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीस मीटर. हिशेब केला तर चौरस मीटरला सुमारे ५७ किलो. ही मूळ संख्या. कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्यालगत ओढ याहून जास्त असते. मंगलोरी कौल सव्वादोन-अडीच किलोचे, चौरस मीटरला पंधराएक बसतात, म्हणजे पस्तीस किलोंच्या आसपास वजन. शिवाय कौलांच्या फटींतून हवा ये-जा करते आणि आतबाहेरचा दाब थोडाफार सारखा होतो. काही कौले उडतात, फुटतात, पण सांगाडा सहसा जागेवर राहतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच किलोही नसते, आणि फटी नसतात. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद अशा एका पत्र्याला त्या दिवशी वारा पावणेदोनशे-दोनशे किलोंच्या जोराने वर ओढत होता. त्याला धरून ठेवायला वजन नव्हतेच, होते ते फक्त स्क्रू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते.

म्हणजे पत्र्याच्या घरात सगळे काम जोडाचे आहे. पत्रा पाईपला, पाईप कैचीला म्हणजे छपर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला, कैची भिंतीला, भिंत जोत्याला. पतंगाच्या दोऱ्यासारखे आहे हे: जिथे सर्वांत कच्चे तिथे तुटते, बाकी कितीही मांजा लावा. निसर्गनंतर आमच्या भागात जे पाहायला मिळाले त्यात पुष्कळ ठिकाणी पत्रा पाईपपासून सुटलाच नव्हता. पत्रे, पाईप, कैच्या असा सगळा सांगाडा एकसंध उचलला जाऊन शेजारच्या बागेत पडला होता. कारण फॅब्रिकेटरने वेल्डिंग उत्तम केले होते, पण खाली पाईप जांभ्याच्या चिऱ्यावर नुसता टेकवून भोवती सिमेंटचा गोळा थापला होता. वरचा चिरा पाईपला चिकटून वर गेला. त्या कारागिराला दोष देता येत नाही. छप्पर खाली पडू नये हे त्याला ठाऊक होते, ते वर जाऊ नये हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

उपाय महाग नाहीत. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा, त्यात आधीच गाडलेले बोल्ट किंवा सळ्या, आणि त्यांना कैचीची पट्टी आवळलेली. पट्टा ओतणे शक्य नसेल अशा जुन्या भिंतीत सळई खालच्या थरांपर्यंत उतरवून बसवायची, म्हणजे छपराला वरच्या एका चिऱ्याऐवजी बऱ्याच थरांचे वजन मिळते. पत्र्याला साध्या खिळ्याऐवजी रबरी वॉशरचे स्क्रू किंवा जे-हुक, आणि कडेच्या व आढ्याच्या रांगेत ते मधल्या भागापेक्षा दाट. वळचण हौसेने तीन-तीन फूट बाहेर काढायची नाही, कारण खालून शिरणारा वारा तिथूनच छप्पर उचलायला सुरुवात करतो. पडवीचे छप्पर मुख्य छपराच्या सांगाड्यातच लांबवण्याऐवजी वेगळे करायचे, म्हणजे पडवी गेली तरी माजघर झाकलेले राहील. दारे-खिडक्यांच्या कड्या पक्क्या हव्यात. वाऱ्याच्या तोंडचे दार उघडले की हवा आत भरते आणि छपराला आतूनही ढकलते. अतितीव्र वादळात यानेही सगळी घरे वाचतील असा माझा दावा नाही. पण निसर्गच्या ताकदीच्या वाऱ्यात जे गेले त्यातले पुष्कळ वाचले असते.

यातले एकही वाक्य माझे संशोधन नाही. भारतीय मानक ब्युरोने २००४ मध्येच आयएस १५४९८ हे मार्गदर्शक प्रसिद्ध केले, ते बुटक्या घरांना चक्रीवादळात टिकाव धरता यावा यासाठीच आहे. वाऱ्याच्या भाराचे मानक आयएस ८७५ भाग ३, त्याची सुधारित आवृत्ती २०१५ ची. त्याच्या यादीत मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे आणि पणजीसाठी ३९. आम्ही या दोघांच्या मध्ये राहतो. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर, निसर्गच्या वेगापेक्षा जास्त. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेले छप्पर त्या दिवशी जायला नको होते. मानक आहे, पण ते इंग्रजीत, अभियंत्यासाठी, आणि आमच्या वाडीत छप्पर अभियंता चढवत नाही.

याच मानकात एक गोष्ट मला खटकते आणि ती शासनाने केंद्रापुढे मांडावी अशी विनंती आहे. चक्रीवादळी किनाऱ्यासाठी, साधारण ६० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात, एक वाढीव गुणक त्यात सांगितला आहे. तो पूर्व किनाऱ्यासाठी आणि पश्चिमेला फक्त गुजरातसाठी. कोकणाचा त्यात उल्लेख नाही. मानक लिहिले गेले तेव्हाच्या नोंदी पाहता ते समजण्यासारखे आहे. पण निसर्ग आणि तौक्ते दोन्ही त्यानंतरचे आहेत. केंद्राचा निर्णय होईल तेव्हा होईल. दवाखाने, शाळा आणि निवारा केंद्रे यांच्या छपरांना तोपर्यंत राज्याने आपल्या अधिकारात तो गुणक लावावा. वादळात गावाने ज्या शाळेत आसरा घ्यायचा तिचेच पत्रे आधी उडावेत, हे पुन्हा होऊ नये.

जुन्या घरांतही शिकण्यासारखे आहे. चौपाखी घर वाऱ्याला दुपाखीपेक्षा चांगले तोंड देते, कारण त्याला उभी त्रिकोणी भिंत नसते आणि चारही बाजूंनी उतार असतो. मानकातही तेच सांगितले आहे आणि आमच्या जुन्या सुतारांनी तेच केले होते. पत्रा आला तसे चौपाखी आकार मागे पडले, कारण पत्रा तिरका कापावा लागतो आणि तुकडे वाया जातात. घरकुल योजनेच्या नमुना आराखड्यांत कोकणासाठी एक तरी चौपाखी आराखडा द्या.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे उदाहरण देते, कारण तिथे परवानगीचा रोख कुठे आहे ते पाहण्यासारखे आहे. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातली घरे उद्ध्वस्त केली. छपरांची बांधणी आणि तिची तपासणी दोन्ही ढिली होती हे तेव्हा उघड झाले. २००२ पासून तिथे राज्यभर एकच बांधकाम संहिता आहे. आज तिथल्या खेड्यातल्या माणसालाही छप्पर बदलायला परवाना काढावा लागतो, पण त्या परवान्यातला तपासनीस पाहतो ते खिळे, पट्ट्या आणि जोड. तिथला पैसा आणि यंत्रणा आपल्याकडे नाही, आणि परवान्याची ती पद्धत इथे आणा असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की सरकारी माणूस छपराकडे बघणारच असेल तर त्याने आधी बोल्ट बघावा.

आणि त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचा हप्ता टप्प्याटप्प्याच्या फोटोवर मिळतो, फोटोला जागेची खूण असते. त्या टप्प्यांत एक फोटो वाढवा: छप्पर चढवण्याआधी भिंतीच्या माथ्यावरचे बोल्ट दिसणारा. तो आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. इथे मी सक्तीची बाजू घेते, कारण पैसा सार्वजनिक आहे आणि घर गरिबाचे. ग्रामीण भागात एक लाख वीस हजारांच्या, डोंगराळ भागात एक लाख तीस हजारांच्या मदतीतून उभे राहिलेले घर पहिल्याच वादळात उघडे पडले तर ते कुटुंब दुसऱ्यांदा उभे राहत नाही. या बोल्टांसाठी वेगळी छोटी रक्कम द्यावी लागली तरी द्या.

योजनेबाहेरच्या घरांसाठी सक्ती नको, माहिती हवी. एक पान, मराठीत, चित्रांसह: भिंतीचा पट्टा असा, बोल्ट असा, स्क्रू इतक्या अंतरावर, वळचण एवढीच. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने ते अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या जाणकारांकडून तपासून घ्यावे. ते पंचायतीच्या भिंतीवर, पत्र्याच्या दुकानात आणि प्रत्येक फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये लागावे. छपराच्या कामाची सूचना द्यायला येणाऱ्या घरमालकाच्या हातात पोचपावतीबरोबर हेच पान पडावे. आणि गवंड्यांसाठी जशी प्रशिक्षणे होतात तशी फॅब्रिकेटरांसाठी तालुक्याला घ्या. कोकणात आज छप्पर त्यांच्या हातात आहे, आणि सरकारच्या कोणत्याही यादीत ते नाहीत.

भरपाईबद्दलही सांगायला हवे. निसर्गनंतर राज्याने मदतीचे दर वाढवले: पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, अंशतः पडझडीला सहा हजारांऐवजी पंधरा हजार. त्या वेळी तो मोठा आधार होता. पण पंचनाम्यात विचारले जाते ते नुकसान किती टक्के. छप्पर कुठून सुटले, पत्रा पाईपपासून की पाईप भिंतीपासून, याला रकानाच नाही. हजारो घरांचे पंचनामे झाले, आणि पुढच्या वादळासाठी त्यातून शिकता येईल असे काही हाती लागले नाही. पंचनाम्याच्या नमुन्यात दोन ओळी वाढवा: छप्पर कशाचे होते, आणि कोणता जोड सुटला. ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी घरापर्यंत जातातच, एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. शिवाय भरपाईच्या पैशातून तेच छप्पर तसेच पुन्हा चढू नये म्हणून वादळानंतरच्या मदतीत बोल्ट, पट्ट्या आणि वॉशरचे स्क्रू वस्तूरूपात द्या. ताडपत्र्या आपण वाटतोच.

कोणी म्हणेल की स्वतःचे छप्पर कसे बांधायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. तसे नाही. सुटलेला पत्रा शेजारच्या घरावर, विजेच्या तारांवर, रस्त्यावरच्या माणसावर जातो. निसर्गनंतर कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मुख्य कारण पडलेली झाडे आणि खांब हे खरे, पण तारांवर अडकलेले पत्रे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत.

शासनाकडून परिपत्रक येईपर्यंत ग्रामपंचायतींनी थांबायचे कारण नाही. सूचनेचा साधा नमुना तयार करणे, जुन्या आकारणीवरून घरांची यादी करणे, गावात छपराचे काम करणाऱ्या कारागिरांना एकत्र बोलावणे, हे आजच्या अधिकारांतही होते. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या. कामे त्यानंतरच सुरू होतात, आणि मे संपेपर्यंतचे चार महिने हाताशी असतात. जिल्हा परिषदांनी ते एक पान त्या तारखेआधी छापून पंचायतींना पोचवावे, आणि ग्रामविकास विभागाने परवानगीबाबतचा खुलासा त्याच सुमारास काढावा, म्हणजे यंदाच्या हंगामातली छपरे तरी त्याप्रमाणे चढतील.

आपली नम्र,
दापोली तालुक्यातील एक रहिवासी